घराची वही उघडा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाव राहण्याजोगे आहे की नाही, हे कोण ठरवते? सरकार म्हणते, रस्ता झाला, वीज आली, शाळेला खोली बांधली, म्हणजे गाव राहण्याजोगे झाले. पण मुलीचा बाप स्थळ पाहायला येतो तेव्हा तो रस्ता पाहून जात नाही. तो विचारतो, शेती किती आणि पोराला नोकरी कुठे? शेती किती हे विचारायचे म्हणून विचारतो. नोकरीचे उत्तर आले नाही की चहा पिऊन उठतो. पाच एकराचा धनी, निर्व्यसनी, कष्टाळू पोरगा तिशी ओलांडून बिनलग्नाचा बसलेला नाही, असे गाव आज घाटावर नाही आणि घाटाखालीही नाही. गाव राहण्याजोगे आहे की नाही याचा निकाल त्या बापाने दिलेला असतो. आणि तो निकाल त्याने आपल्या घराचा जमाखर्च मनात मांडूनच दिलेला असतो.

म्हणून आज आम्ही भावावर भाषण करणार नाही. आम्ही घराची वही उघडणार आहोत.

एक घर धरू. माणसे सहा, कोरडवाहू जमीन पाच एकर. तीन एकर पऱ्हाटी, दोन एकर जवारी. पाऊस वेळेवर आला, दुबार पेरणी झाली नाही, बोंडअळीने दया केली, रोह्यांनी आणि रानडुकरांनी शेजारच्याचे शेत खाल्ले, असे चांगले वर्ष धरू. कापूस एकरी पाच क्विंटल, म्हणजे पंधरा क्विंटल. भाव साडेसात हजार. आले १,१२,५०० रुपये. बियाणे, खत, फवारणी, वखरणी, डवरणी, निंदण, दहा रुपये किलोने वेचणी आणि गाडीभाडे मिळून एकरी साडेतेवीस हजार धरा. तीन एकराचे झाले ७०,५००. उरले ४२,०००.

जवारी एकरी आठ क्विंटल, सोळा झाली. सहा घरी ठेवली, दहा विकली अडीच हजाराने. पंचवीस हजार आले, वीस हजार खर्चात गेले, पाच हजार उरले. वर कडबा बैलांना. म्हणजे साल भरून हातात रोख ४७,००० रुपये, महिन्याला चार हजारही नाहीत. पीएम किसानचे सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा हजार मिळवा. झाले ५९,०००.

आता दुसरे पान. किराणा आणि तेल महिन्याला साडेचार हजार, वर्षाचे ५४,०००. वीज, गॅस, मोबाइल महिन्याला दीड हजार, १८,०००. कपडेलत्ते, सणवार, पाहुणेरावळे १५,०००. एक लेकरू शहरात कॉलेजात, खोली आणि मेस दहा महिने चार हजाराने, ४०,०००. दवाखाना, तोही साधा ताप-खोकला आणि म्हाताऱ्याच्या गोळ्या, १२,०००. बेरीज १,३९,०००.

जमा ५९,०००, खर्च १,३९,०००. तूट ऐंशी हजार. ही चांगल्या वर्षाची तूट आहे बरं का! यात लग्न नाही, ऑपरेशन नाही, घराची पडकी भिंत नाही, मेलेला बैल नाही.

ही तूट कोण भरते? घरची बाई दुसऱ्याच्या शेतात शंभर दिवस निंदायला-वेचायला जाते, तीनशे रुपये रोजाने तीस हजार आणते. लाडक्या बहिणीचे अठरा हजार येतात. घरधनी उन्हाळ्यात साठ दिवस बांधकामावर जातो, चारशेने चोवीस हजार आणतो. झाले ७२,०००. तरीही आठ हजार कमी. ते कृषी केंद्राच्या उधारीत बसतात, नाहीतर मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्यात. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. घरी जाऊन स्वतःचे मांडा. तूट भरणारे हात मात्र हेच निघतील.

कुणी म्हणेल, हे तुम्ही रडगाणे रचले. मग सरकारचाच हिशेब घ्या. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१९ साली देशभरच्या शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात मजुरी आणि पगाराचे ४,०६३, पिकाचे ३,७९८, जनावरांचे १,५८२. म्हणजे आपण ज्याला शेतकरी म्हणतो तो पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतो. त्याच पाहणीत निम्म्या कुटुंबांवर कर्ज निघाले, सरासरी ७४,१२१ रुपये. मालक म्हणून सातबाऱ्यावर नाव आणि पोट मजुरीवर, ही आपली खरी जात झाली आहे.

तूट दिसली की शहाणे लोक लगेच म्हणतात, शेतकरी उधळ्या आहे, लग्नात पैसा उडवतो. हा आरोप जुना आहे. १८७५ साली पुणे-नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या दंग्यांची चौकशी करायला इंग्रजांनी आयोग नेमला. त्या आयोगानेसुद्धा लिहून ठेवले की कर्जाचे कारण म्हणून लग्नकार्याच्या खर्चाला नको तितके महत्त्व दिले गेले आहे. दीडशे वर्षांपूर्वी परक्या सरकारला जे कळले ते आजच्या चर्चासत्रांना कळत नाही. लग्नात उधळपट्टी करू नये, हे आम्ही हजारदा सांगू. पण वर मांडलेल्या वहीत लग्नाचा एक पैसा नव्हता आणि तरी तूट होती, हे विसरू नका.

मग घोडे अडते कुठे? पिकाचा खर्च कसा मोजतात ते पाहा. हमीभाव ठरवताना बियाणे, खत, औषध, मजुरी, बैलजोडीचा खर्च, अवजारांची झीज धरतात. घरच्या माणसांचे कष्टही धरतात, पण रोजाच्या दराने आणि शेतात राबले तेवढ्याच दिवसांचे. बैल वर्षभर खातो हे हिशेबात येते. माणूस वर्षभर खातो, आजारी पडतो, त्याची लेकरे शिकतात, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. त्यात जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरायचे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. आणि एवढे करून ठरलेला भाव तरी हातात पडतो का? २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० आणि संकरित जवारीला ३,६९९ रुपये जाहीर झाले. त्याच ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काढले, ते थेट डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे ऐन आपल्या वेचणीच्या दिवसांत. खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांवर गेला की माल परत. व्यापारी मात्र सगळा ओलावा घेतो, भाव कापून.

हा जिल्हा कापसासाठी पहिल्यापासून रस्त्यावर आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो गाठी न्यायला. २०२२ च्या डिसेंबरात मेहकर, सिंदखेड राजाच्या शिवारातून समृद्धी महामार्ग सुरू झाला. नागपूर जवळ आले, आता मुंबईही जवळ आली. रस्ते व्हावेत, आमची ना नाही. पण माल आणि माणूस बाहेर नेणारा रस्ता म्हणजे गावात राहण्याची सोय नव्हे.

अमेरिकेचे नाव निघाले म्हणून तिकडचेही सांगतो. आपल्याला वाटते, हजार-हजार एकर जमीन, घराएवढे ट्रॅक्टर, सरकारची भरघोस मदत, त्यांचे काय वाईट? तिथल्या शेतीखात्याचेच आकडे सांगतात की मधल्या शेतकरी कुटुंबाला निव्वळ शेतीतून मिळणारे उत्पन्न बहुतेक वर्षी शून्याच्या खाली असते. घर चालते ते शेताबाहेरच्या नोकरीवर. नवरा शेत पाहतो, बायको तालुक्यासारख्या गावी शाळेत नाहीतर दवाखान्यात नोकरी करते, आणि पुष्कळ घरांत ती नोकरी आरोग्य विम्यासाठी धरलेली असते. तिथे जिल्ह्याला काउंटी म्हणतात. ज्या काउंटीत अशा नोकऱ्या आटल्या तिथली माणसे निघून गेली, शाळा एकमेकींत मिळवाव्या लागल्या. २०१० नंतर त्या देशात शंभरावर ग्रामीण रुग्णालये बंद पडली किंवा त्यांनी रोगी दाखल करून घेणे थांबवले. मोठी जमीन आणि मोठे यंत्र असूनही पीक घराला पुरले नाही तर गाव रिकामे होते, एवढा धडा त्यातून घ्यायचा. फरक एवढाच की तिथे बाहेरची नोकरी पगाराची असते. आपली बाहेरची नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या तुटीच्या शेतातले निंदण.

आता आपल्या जिल्ह्यात राहण्याची किंमत काय पडते ते पाहा. घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुऱ्याकडे पूर्णेचा खारपाणपट्टा. जमीन काळी, भारी, आणि विहिरीचे पाणी खारे. किडनीच्या रोग्यांची तक्रार त्या भागात वर्षानुवर्षे आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचे पैसे लागत नाहीत, हे खरे. पण आठवड्यात दोन-तीनदा रोग्याला न्यायचे, सोबत एक माणूस, दोघांचा रोज बुडाला, गाडीभाडे गेले. हा खर्च कुठल्या योजनेत बसतो? मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ पासून माफ झाली, चांगले झाले. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे कोण माफ करणार? फुकट म्हणून दिलेल्या प्रत्येक गोष्टीपर्यंत पोचायला गावातल्या माणसाला पैसे पडतात. शहरातल्या माणसाला तेवढे पडत नाहीत.

आणि हा सगळा खर्च शेवटी कोणत्या नावाने लिहिला जातो? पीक कर्ज! आपल्या हातात दुसरे कर्जच नाही. दवाखान्याला पैसा लागला, पीक कर्ज. पोराची फी भरायची, पीक कर्ज. मग मार्चमध्ये इकडून तिकडून उचल करून नवे-जुने करायचे, दोन दिवसांचे व्याज सावकाराला द्यायचे. वेळेत भरले तर तीन लाखांपर्यंत व्याज नाही. चुकले की व्याज चढते आणि पुढच्या पेरणीला दार बंद. २००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या आल्या. त्यांनी खाते कोरे केले, तूट कोरी केली नाही. जी तूट दर वर्षी नव्याने उगवते तिला एकदा कापून काय होणार? मुळाशी वखर लागला पाहिजे.

जवारीचेही एक ऐका. पूर्वी घरात जवारीची कणगी भरलेली असे. सालदाराला धान्य, सुताराला-लोहाराला धान्य, बैलांना कडबा. बाजार पडला तरी घर उपाशी राहत नव्हते. आज जवारी हटली, सोयाबीन आले. पाखरे कोण राखणार, रोही कोण हाकलणार, म्हणून आपणच ती सोडली. आता जे पिकते ते विकायचे आणि जे खायचे ते विकत आणायचे. दोन्हीकडे भाव दुसऱ्याचा. आम्ही मागे चला म्हणत नाही. पण घरची सहा क्विंटल जवारी म्हणजे दुकानातून किती रुपयांचे दाणे आणावे लागले नाहीत आणि कडबा किती रुपयांचा झाला, हे वहीत जमेला मांडा. मग ठरवा पेरायची की नाही.

तेव्हा काम काय करायचे? भेंडवळची घटमांडणी ऐकायला आपण अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गर्दी करतो, पाऊस किती, पीक कसे ते ऐकतो. त्याच दिवशी घरी एक वही घाला. तिची तीन पाने करा. एकावर शेत, दुसऱ्यावर घर, तिसऱ्यावर देणे. शेताचा पैसा घरात आला तरी लिहा, घराचा शेतात गेला तरी लिहा. बाईच्या मजुरीचा रुपया शेताच्या खतात गेला असेल तर तसेच लिहा, तिच्या नावाने. वही घरच्या बाईच्या हाती द्या. तूट तीच भरते, तिला आकडा पाठ असतो.

दुसरे, दिवाळीच्या तोंडावर धान्य ओतू नका. बाजार समितीची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. माल गोदामात ठेवून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने मिळते. ज्या समितीत ती चालत नाही तिथे जाऊन विचारा, का चालत नाही?

तिसरे, मागणी नीट करा. आजारपण आणि शिक्षण यासाठी शेतकऱ्याला त्याच नावाने, पीक कर्जाच्याच व्याजाने कर्ज मिळाले पाहिजे. आणि भाव ठरवणाऱ्यांनी घरच्या माणसाचे कष्ट मोजताना वर्षाचे बारा महिने मोजले पाहिजेत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने निदान दहा घरांच्या वह्यांची बेरीज आणावी. नावे नकोत, आकडे पुरेत. जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांची बेरीज एका कागदावर आली की मग कुणी आपल्याला उधळे म्हणू शकणार नाही आणि आळशीही म्हणू शकणार नाही. आजवर आपण मोर्चात आकडे ओरडून सांगितले. आता लिहून सांगू. लेखी हिशेबाला लेखी उत्तर द्यावे लागते.