पाणकणीस ओळखा, मगच विळा लावा



एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "तळ्याकाठचा लव्हाळा कापून चटया विणता येतील का?" येतील, पण आधी ते लव्हाळाच आहे का ते बघा. पाण्यातल्या उंच हिरव्या पात्याला आपण सरसकट लव्हाळा म्हणून मोकळ्या होतो.

दांडा बोटांत धरून फिरवा. तीन कडा लागल्या तर तो लव्हाळा किंवा मोथ्याच्या घरातला. दांडा पोकळ आणि बांबूसारखी पेरं असतील तर तो देवनळ. पेर एकही नाही, बुडापासून लांब पट्ट्यासारखी पाती माणसाहून उंच गेलीत, पातं मोडलं की आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या दिसतात, ते पाणकणीस. काही भागांत त्याला रामबाण म्हणतात. कणीस आलं की शंकाच नको: तपकिरी, गुळगुळीत, बाजरीच्या कणसासारखं. पिकलं की त्यातून कापूस उडतो. वेखंडाची पातीही अशीच दिसतात, पण चुरगळली की घमघमतात. पाणकणसाला तसा वास नाही.

त्याला संथ, उथळ, गोडं पाणी लागतं. खोल पाण्यात ते जात नाही. म्हणून ते दरवर्षी तळ्याच्या मध्याकडे सरकत असेल, तर तळं गाळाने भरतंय असं समजा. ही गोष्ट ग्रामसभेत जरूर मांडा. सांडपाण्याच्या नाल्यातही ते जोमाने वाढतं, पण तिथलं कापू नका. त्या पाण्यातले जड धातू ते शोषून घेतं, आणि त्या घाणीत उतरायचं तर आपल्यालाच ना!

आता कापायचं कसं? पाण्याखालच्या मुळांना हवा पोचते ती वरच्या पात्यांतून, मेलेल्या खुंटांतूनसुद्धा. पुढच्या वर्षी पाती हवी असतील तर पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवा. कालव्यात माजलंय, काढूनच टाकायचंय, तर पाण्याखाली कापा. खुंट बुडाले की मुळं गुदमरून कुजतात. नुसतं वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं आणि मजुरी वाया जाते.

पावसाळ्यात त्यात पाणकोंबड्यांची घरटी असतात. दिवाळी होऊ द्या, आणि तेव्हाही सगळं कापू नका, एक बाजू राखा. पाती सावलीत वाळवा, विणण्याआधी ओल्या गोणपाटात गुंडाळून मऊ करा. हिरवी विणाल तर वाळल्यावर आकसतात, चटई सैल पडते, आणि बाजारात बाई ती हातात घेऊन परत ठेवते.