योगमाया : नंदाघरची कन्या

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



नवरात्र जवळ आले आहे, तेव्हा देवीविषयी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. महिषासुरमर्दिनीविषयी बोलणे सोपे, कारण तिचा पराक्रम सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. आम्ही मात्र आज अशा एका देवीविषयी बोलण्याचे योजिले आहे, की जिचे नाव सप्तशतीच्या पाठात आपण वारंवार उच्चारतो, पण जिची जन्मकथा ऐकताना आपले सारे लक्ष दुसऱ्याच बालकाकडे लागलेले असते. सप्तशती तिला महामाया म्हणते, भागवत योगमाया म्हणते.

प्रथम शब्दाचा विचार करू. 'माया' म्हटले की सुशिक्षित मनुष्यास लागलीच दोरीवर भासणारा साप आठवतो. हा वेदान्ताचा संस्कार होय. ऋग्वेदात माया म्हणजे निर्माण करण्याचे अद्भुत सामर्थ्य. ते मित्रावरुणांपाशी आहे, इंद्रापाशी आहे आणि असुरांपाशीही आहे. पुढे अद्वैताचार्यांनी त्या शब्दाला जो अर्थ दिला तोच रूढ झाला. ज्ञानेश्वर महाराजांनी सातव्या अध्यायात मायेवर नदीचे विस्तृत रूपक रचले. आणि मौज अशी की, शके १२१२ मध्ये तो ग्रंथ जेथे सिद्ध झाला, त्या नेवाशाचे ग्रामदैवत मोहिनीराज, म्हणजे देवांना अमृत वाटून असुरांना भुलविणारे विष्णूचे मायारूपच!

पण पंडितांचा अर्थ बाजूला ठेवून आपल्या घरातली भाषा ऐकावी. लेकरावर आईची माया असते. गाय वासराला मायेने चाटते. कोणी चार पैसे गाठीला बांधले तर त्याने माया जमविली असे आपण म्हणतो, अर्थात जरा नाक मुरडूनच. इतकेच काय, वाढत्या अंगाच्या मुलीचे पोलके शिवायला टाकताना शिंप्याला आपण बजावतो की, आत दोन बोटे माया ठेवा. म्हणजे शिवणीच्या आत दडलेले, वरून न दिसणारे, पुढे उसवून वाढविता येईल असे जास्तीचे कापड. भ्रम या अर्थापासून हा अर्थ किती दूर आहे! आमच्या मते मात्र देवीच्या स्वरूपाशी तो अधिक जवळचा आहे, आणि याला आधार प्रत्यक्ष सप्तशतीचा आहे.

देवीमाहात्म्य हे मार्कंडेय पुराणातील तेरा अध्यायांचे प्रकरण. त्याचा आरंभ युद्धाने होत नाही, ही गोष्ट पाठ करणाऱ्यांच्याही ध्यानी क्वचितच येते. राज्य गमावलेला सुरथ राजा अरण्यात मेधा ऋषींच्या आश्रमाजवळ भटकत असता त्याला समाधी नावाचा एक वैश्य भेटतो. त्याच्या बायकोमुलांनी द्रव्यलोभाने त्याला घराबाहेर काढले आहे. तरी त्याला घोर लागला आहे तो त्यांचाच! ती खुशाल असतील ना, मुले नीट वागत असतील ना? राजाला याचे नवल वाटते. पण त्याचे स्वतःचे चित्तही गेलेल्या राज्यातच गुंतलेले असते. दोघे मिळून ऋषींना विचारतात की, समजत असूनही हे असे का व्हावे? ऋषी त्यांना पक्षी दाखवितात. स्वतः भुकेले असताही ते पिलांच्या चोचीत दाणे घालतात. ही महामायेची करणी होय, असे ऋषी सांगतात, आणि मग 'ही महामाया कोण?' या राजाच्या प्रश्नातून पुढचे सर्व आख्यान निघते. मधुकैटभांची कथा येते, तीत विष्णूच्या डोळ्यांवर योगनिद्रा होऊन बसलेली देवी ब्रह्मदेवाच्या स्तुतीने दूर होते. मग महिषासुर येतो, शुंभनिशुंभ येतात. पण मूळ प्रश्न घराबाहेर काढलेल्या एका बापाचा आहे. शेवटी दोघेही नदीकाठी देवीची मातीची मूर्ती करून तीन वर्षे आराधना करतात. राजा राज्य मागतो. वैश्य 'माझे' ही भावना तोडणारे ज्ञान मागतो. देवी दोघांनाही 'तथास्तु' म्हणते. जी बांधते तीच सोडविते.

याच ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात देवी देवांना वचन देते की, वैवस्वत मन्वंतरात अठ्ठाविसाव्या युगात मी नंदगोपाच्या घरी यशोदेच्या पोटी जन्म घेईन आणि विंध्याचलावर राहीन. म्हणजे महामाया ही एका गवळ्याची मुलगी होणार आहे. येथून आपण भागवताच्या दशमस्कंधात येतो.

ती रात्र आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पहारेकरी निद्रावश झाले, कुलुपे गळून पडली, यमुनेने वाट दिली. हे सर्व योगमायेचे सामर्थ्य. त्याआधी देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी नेऊन ठेवण्याचे कामही तिच्यावरच सोपविलेले होते. पण आम्ही श्रोत्यांचे लक्ष एका बारीक तपशिलाकडे वेधू इच्छितो. भागवतकार सांगतात की, यशोदेला आपण प्रसूत झालो एवढेच कळले. श्रमाने व निद्रेने ती इतकी व्यापली होती की, मूल मुलगा आहे की मुलगी, याचे भान तिला राहिले नाही. वसुदेवाने आपला पुत्र तिच्या शेजेवर ठेवला आणि तिची कन्या उचलून नेली. म्हणजे जिने त्या मुलीला नऊ महिने वाहिले, त्या आईला आपल्याला मुलगी झाली होती हेच कधी कळले नाही. दुसऱ्या दिवशी नंदाघरी जो उत्सव झाला तो पुत्राचा. गेलेल्या मुलीसाठी गोकुळात कोणी रडले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते.

तिच्यासाठी रडली ती देवकी. हा प्रसंग कीर्तनात एका वाक्यात आटोपला जातो, याचे आम्हांस नेहमी वाईट वाटत आले आहे. कंस धावत येतो. देवकी त्या मुलीला उराशी घट्ट धरून विनवते की, ही तुझ्या सुनेसारखी आहे, स्त्रीला मारू नये. माझे इतके पुत्र तू नेलेस, आता हे शेवटचे एक लेकरू तरी मला ठेव. ते लेकरू तिच्या पोटचे नव्हते! आपला मुलगा सुखरूप पोहोचला आहे हे जाणणाऱ्या देवकीने गप्प राहिले असते तरी चालले असते. पण ती परक्या मुलीसाठी पदर पसरते. समाधी वैश्याच्या कथेत ऋषींनी जिला महामाया म्हटले ती हीच, असे आम्हांस वाटते.

कंसाने तिला पायांनी धरून शिळेवर आपटली. ती हातातून निसटली, आकाशात अष्टभुजा होऊन प्रकटली, तुझा वैरी अन्यत्र जन्मला आहे असे सांगून अंतर्धान पावली, आणि पृथ्वीवर नाना स्थानी नाना नावांनी राहिली.

ही स्थाने पुष्कळ आहेत. मिर्झापूरजवळची विंध्यवासिनी सर्वविश्रुत आहे. दिल्लीत मेहरौली येथे योगमायेचे मंदिर असून 'फूलवालों की सैर' या उत्सवात तेथे आणि जवळच्याच बख्तियार काकींच्या दर्ग्यात फुलांचा पंखा अर्पण करीत. इंग्रज सरकारने १९४२ मध्ये बंद केलेला तो उत्सव स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या काळात पुन्हा सुरू झाला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील शिराळी येथे महागणपती-महामायेचे देवस्थान अनेक सारस्वत घराण्यांचे कुलदैवत आहे. गोव्यात म्हार्दोळची म्हाळसा नारायणी ही मोहिनीरूप मानली जाते. तिच्या गळ्यात यज्ञोपवीत आहे. तिचे मूळ स्थान वेर्णे. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज विध्वंसामुळे ती फोंडा महालात आली. तिच्या घंटेची ख्याती अशी सांगतात की, ती वाजवून दिलेली साक्ष कोणी खोटी मानीत नसे. भुलविणाऱ्या देवीपुढे लोक खरे बोलण्यास येत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. हरिवंशात या कन्येला एकानंशा म्हटले आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेत तिची मूर्ती कशी घडवावी हे सांगितले असून, तिचे स्थान बलदेव आणि कृष्ण या दोघांच्या मध्ये नेमून दिले आहे. जगन्नाथपुरीची सुभद्रा ही मुळात एकानंशाच असावी, असे काही संशोधक म्हणतात. ते खरे असो वा नसो, शिल्पकारांनी तिला विसरू दिले नाही, हे निश्चित. दोन भावांच्या मध्ये बहीण उभी आहे.

आता आपल्याकडे वळू. गोकुळाष्टमीला आपण पाळणा बांधतो, सुंठवडा वाटतो. त्याच रात्री, त्याच घडीला एक मुलगी जन्मली होती, याचा उच्चारही होत नाही. यास कोणी योगायोग म्हणेल. परंतु शिरगणतीचे आकडे योगायोगाने होत नसतात. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरीही हे आकडे! कंसाला निदान जन्माची वाट तरी पाहावी लागत होती. अष्टमीला कुमारिका बोलावून त्यांचे पाय धुणाऱ्या, सप्तशतीचे पाठ करणाऱ्या घरांत ही गोष्ट होत नसेल, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आपली ज्ञाती सुशिक्षित म्हणविते. परीक्षेची फी मोजण्याची ऐपतही सुशिक्षितांचीच असते.

हे कार्य कायद्याचे आहे, ज्ञातिसंस्था त्यात काय करणार, असे विचारले जाईल. संस्थेच्या हातची एक गोष्ट आहे. आपल्या कुलवृत्तांतांत वंशावळी छापल्या जातात. त्यांत पुत्रांची नावे, जन्मवर्षे, शिक्षण, हुद्दे, सर्व असते. कन्यांचा उल्लेख बहुधा 'दोन मुली' असा असतो, किंवा मुळीच नसतो. यशोदेला झोपेत असल्यामुळे कळले नाही. आपण तर जागेपणी लिहीत असतो. ही दुरुस्ती खर्चाची नाही. माहिती मागविण्याचा जो छापील अर्ज घरोघर जातो, त्यात 'पुत्र' या रकान्याऐवजी 'अपत्ये' असा रकाना असावा, जन्मक्रमानेच नावे घालावीत, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचे माहेरचे नाव, सासरचे नाव व गाव ही तिच्या भावांच्या ओळीतच यावीत. ज्या मुली बालपणीच गेल्या त्यांची नावे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना अजून ठाऊक असतात. त्यांना विचारून तीही आताच लिहून घ्यावीत. अर्जाचा मसुदा आम्ही करून आणला आहे. तो चिटणीसांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.