गोष्टीचा 'प्लॉट' म्हणजे काय?

श्रोतेहो, 'प्लॉट' हा शब्द आता खेड्यापाड्यांत कुणाला नवा नाही. गावठाणाशेजारी प्लॉट पाडले जातात. नाशिक-सांगलीकडचा बागाईतदार आपल्या द्राक्षबागेलाही प्लॉटच म्हणतो. पण सिनेमा पाहून आलेला मुलगा जेव्हा म्हणतो, "प्लॉट काही जमला नाही," तेव्हा त्याला काय म्हणायचे असते? आज त्याचाच थोडा विचार करू.

इंग्रजीतही हा शब्द आधी जमिनीच्या तुकड्याचाच. पुढे त्याला आराखडा, बेत आणि गुप्त कट असे अर्थ आले. १६०५ साली लंडनच्या पार्लमेंटखाली बंदुकीच्या दारूची पिंपे ठेवून राजाला उडवून देण्याचा कट उघडकीस आला. त्याला आजही 'गनपावडर प्लॉट' म्हणतात. गोष्टीचा प्लॉट याच घराण्यातला. कट करणारा मनाशी जुळवतो, 'हे केले म्हणजे ते होईल.' लेखकही तशाच घटना जुळवतो. मराठीत आपण त्याला कथानक म्हणतो. नाटकाबद्दल बोलताना जुनी मंडळी 'संविधानक' म्हणत.

मग गोष्ट आणि कथानक यांत फरक तो काय? हे ऐका. 'पाऊस लांबला. सदूने बैल विकला. मुलीची शाळा सुटली.' ही झाली घटनांची यादी. आता असे म्हणा: 'पाऊस लांबला म्हणून सदूने बैल विकला. बैल गेल्यामुळे नवराबायको दोघांनाही दुसऱ्याच्या रानात जावे लागले, आणि धाकट्याला सांभाळायला मुलगी घरी राहिली.' घटना त्याच; पण आता एकीत दुसरी अडकली. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९२७ साली हाच फरक सांगितला. 'पुढे काय झाले?' असे विचारायला लावते ती गोष्ट, आणि 'का झाले?' असे विचारायला लावते ते कथानक.

हा 'का' किती मोठा असतो, ते शकुंतलेच्या कथेत बघा. महाभारतात शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते. दुष्यंताला सारे आठवत असते, तरी तो लोकांच्या भीतीने तिला नाकारतो. ती त्याला भर सभेत खडसावते. शेवटी आकाशवाणी होते, तेव्हा तो मुलाला आपला म्हणतो. कालिदासाने हीच कथा घेतली आणि तिच्यात दोन गोष्टी घातल्या: दुर्वासाचा शाप आणि अंगठी. आता राजा तिला ओळखत नाही, तो शापामुळे. आणि अंगठी पाण्यात पडलेली, म्हणून खूण दाखवता येत नाही. अण्णासाहेब किरलोस्करांनी १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आणले ते 'शाकुंतल' या कालिदासाचेच.

माणसे तीच, नकार तोच. पण एका कथेत दोष राजाच्या भित्रेपणाचा, तर दुसरीत शापाचा. एक दुवा बदलला आणि दोषी बदलला! म्हणून कथानक ही नुसती कारागिरी नव्हे. कुणाला जबाबदार धरायचे, कुणाची कीव करायची, हे ते आपल्या नकळत ठरवीत असते.

शिक्षक बंधुभगिनींनो, 'कथानक लिहा' म्हटले की मुले सारांश पाठ करून उतरवतात. त्याऐवजी एक करून पाहा. धड्यातल्या पाच-सहा घटना फळ्यावर लिहा आणि दोन घटनांच्या मध्ये 'म्हणून', 'पण' किंवा 'त्यामुळे' यांपैकी काय बसते, ते मुलांना विचारा. जिथे नुसते 'मग' बसेल, तिथे दुवा सैल आहे. नंतर एक घटना पुसा आणि विचारा, "आता पुढचे सारे घडले असते का?" मुले भांडतील. भांडू द्या, तेव्हाच ती खरी वाचत असतात.

मात्र प्रत्येक चांगल्या पुस्तकाला घट्ट कथानक असलेच पाहिजे असे नाही. साने गुरुजींची 'श्यामची आई' वेगवेगळ्या रात्रींच्या आठवणींतून उभी राहते. तिला एकत्र बांधते ती आई.

तेव्हा 'प्लॉट' म्हणा की कथानक म्हणा, शब्दावरून वाद नको. पण पारावर, तमाशात वा सिनेमात गोष्ट ऐकाल, तेव्हा 'पुढे काय?' बरोबर 'असे का?' हेही विचारा. सांगणाऱ्याने दोष कुणाच्या माथी मारला आहे, ते मग आपोआप दिसू लागेल.