डीपवॉटर अ‍ॅक्रोपोरा: नाव नंतर, आधी उजेड

मागच्या आठवड्यात डॅलसहून एका श्रोत्याने फोटो पाठवला. दीड इंचाचा तुकडा, म्हणजे आपल्या छंदाच्या भाषेत फ्रॅग. निळ्या एलईडीखाली असा झगमगतोय की टॅक्सीतली माळ वाटावी. खाली लिहिलंय, ‘दादा, डीपवॉटर अ‍ॅक्रो म्हणून दीडशे डॉलरला घेतलाय. कुठली जात आहे, आणि टाकीत ठेवू कुठे?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटोवरून देता येत नाही. दुसऱ्याचं देता येतं, आणि दीडशे डॉलर त्यावरच अवलंबून आहेत.

पुण्या-मुंबईतून ऐकणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी न्यू जर्सीत राहतो, इथे हा व्यवहार उघड दुकानात होतो. भारतात खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. कोणी कुरिअरने फ्रॅग पाठवतो म्हणाला तर नाही म्हणा. ऐकायला मात्र काही हरकत नाही.

तर, अ‍ॅक्रोपोरा ओळखायची खूण सोपी. प्रत्येक फांदीच्या शेंड्याला एक नळी असते, तिच्यात बसलेला पॉलिप फांदी पुढे नेतो. फांदीच्या अंगावर बाजूने बाकीच्या नळ्या. या नळ्यांना कोरलाइट म्हणतात. शेंड्याची वेगळी, बाजूच्या वेगळ्या, हे दिसलं की अ‍ॅक्रोपोरा. पण या वंशात शंभराहून जास्त जाती आहेत आणि ‘डीपवॉटर’ ही त्यातली कुठलीच जात नाही. तो व्यापारातला शब्द आहे. प्रवाळखडकाच्या उतारावर जरा खोल किंवा लाटांपासून आडोशाला वाढणाऱ्या नाजूक अ‍ॅक्रोंना सरसकट चिकटवलेला.

खोल म्हणजे किती, याचा अंदाज यायला आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक आहे. पाण्याखालचं पठार, माथाच सुमारे 20 मीटर खाली, आणि त्यावर प्रवाळं. इतक्या खोलवर सूर्याचा लाल रंग पोचतच नाही, पाणी तो वरच गिळून टाकतं. उरतो तो निळा उजेड, तोही थोडा. लाटांचा मार नाही. अशा ठिकाणी प्रवाळाला जाड दणकट फांद्यांची गरज नसते. गरज असते ती पसरून मिळेल तेवढा उजेड गोळा करायची, स्वतःचीच सावली स्वतःवर न पाडता.

हे डोक्यात ठेवलं की आकार बोलायला लागतो. एकिनाटा आणि कार्डुअस बघा: मधे एक बारीक फांदी आणि चहूबाजूंनी छोट्या काड्या, अगदी बाटली धुवायचा ब्रश. ग्रॅन्युलोसा आडवी, एका बाजूने खडकाला धरून ताटासारखी वाढते. जॅकलिनीचंही सपाट ताट, पण वरून पाहिलं तर वाकड्या बारीक नळ्यांची इतकी दाटी की शेवाळ वाटतं. सुहार्सोनोइ ही बाली-लोंबोककडची. इंडोनेशियाचे प्रवाळतज्ज्ञ सुहार्सोनो यांचं नाव तिला कार्डेन वॉलेस यांनी 1994 मध्ये दिलं.

मग फोटोवरून नाव का नाही सांगायचं? कारण टाकीत हा आकार टिकत नाही. जास्त उजेड आणि जोरदार प्रवाह मिळाला की त्याच जातीच्या फांद्या जाड होतात, नळ्या आखूड होतात. शिवाय दीड इंचाच्या तुकड्यात ताट आहे की ब्रश हे कळणार कसं? वॉलेसबाईंचा 1999 चा मोठा ग्रंथ आहे, त्यातली ओळख पटते ती मांस काढलेल्या पांढऱ्या सांगाड्यावरून. आणि आता डीएनएच्या अभ्यासांनी त्या जुन्या सीमारेषाही हलवल्यात. म्हणून मी माझ्या लेबलवर ‘ग्रॅन्युलोसासारखी’ एवढंच लिहितो. दुकानदार जी झगमगीत नावं देतात, ती आईसक्रीमच्या फ्लेवरसारखी समजा.

घरी काय करायचं? निळा लाइट बंद करा, पांढरा लावा, दहापट भिंग घ्या. फांदी काडेपेटीच्या काडीएवढी बारीक आहे का? नळ्या लांब आणि सुट्या आहेत का? एकाच छोट्या फांदीवर शेंड्यासारख्या दोन-तीन नळ्या दिसतात का? तिन्हीला ‘हो’ असेल तर जात कुठलीही असो, कमी उजेडातला पाहुणा म्हणून वागवा.

म्हणजे पार मीटर आणा. विकत नको, क्लबचा मागून आणा. उथळ पाण्यातले अ‍ॅक्रो 300-400 आरामात घेतात. याला मी 80-100 वर सुरू करतो आणि काही आठवड्यांत 150 च्या आसपास नेतो. डॅलसवाल्या मित्रा, तुझा फ्रॅग खाली, कोपऱ्यात. इथे लोक हमखास उलटं करतात. रंग फिका पडला की ‘उपाशी आहे’ म्हणून लाइट वाढवतात. डीपवॉटरमध्ये फिकेपणा बऱ्याचदा उजेड जास्त झाल्याचा असतो, आणि याचं मांस इतकं पातळ की दुसरी संधी मिळेलच असं नाही. प्रवाह मध्यम, दिशा बदलणारा. पंपाची थेट धार नको.

पाण्याचं थोडक्यात: आल्कलिनिटी 7 ते 9 मध्ये कुठेही चालेल, पण आज साडेसात आणि परवा नऊ हे चालणार नाही. नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर नेऊ नका.

आता किडा. अ‍ॅक्रो खाणारा चपटा कृमी, अंगाचा रंग प्रवाळासारखाच, त्यामुळे दिसत नाही. दिसतात ते गोल फिकट चावे. औषधी पाण्यात बुडवलं की कृमी सुटतात, अंडी सुटत नाहीत. ती फ्रॅगच्या बुडाशी, उघड्या सांगाड्यावर असतात. म्हणून आल्याबरोबर जुना प्लग फेकायचा, बुडाचा मेलेला भाग कापायचा, वेगळ्या टाकीत ठेवून दर आठवड्याला पुन्हा बुडवायचं. मी सहा आठवडे ठेवतो.

आणि विकत घेताना एकच प्रश्न विचारा: टाकीत वाढवलेला की समुद्रातून तोडलेला? जॅकलिनी, लोकानी, स्पेसिओसा या तीन डीपवॉटर जाती 2014 पासून अमेरिकेच्या यादीत ‘धोक्यात’ म्हणून आहेत. जातीचं नाव दुकानदारालाही खात्रीने माहीत नसतं, हे आत्ताच बघितलं. त्यामुळे समुद्रातून आलेला बिननावाचा डीपवॉटर तुकडा मी घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी. टाकीत वाढलेला तुकडा जगतोही जास्त, कारण त्याला आपला लाइट आधीच माहीत असतो.