व्हॉल्व्ह फिरवल्यानंतरची अडीच मिनिटं



"तू नक्की काय काम करतेस गं?" असं सकाळपासून मला सात जणांनी विचारलं. एरवी "कॉम्प्युटरमध्ये" म्हणून सुटता येतं. पण आज समोर गणिताच्या बाई बसल्या आहेत, तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

कारखान्यातली यंत्रं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. त्यातही माझा विषय म्हणजे उशीर. हॉटेलात अंघोळीला गेल्यावर आपण गरम पाण्याचा नळ सोडतो. पाणी गारच. अजून फिरवतो, तरी गार. आणखी फिरवतो आणि मग एकदम चटका! घाईनं उलटा फिरवला की पुन्हा गारठा. नळ बिघडलेला नसतो. गीझरपासून नळापर्यंतच्या पाइपात आधीचं पाणी असतं, एवढंच.

पहिल्याच नोकरीत, एका कागद कारखान्यात, मी नेमकं हेच केलं. तिथे मशीनच्या एका टोकाला पातळ लगदा जाळीवर पडतो. दुसऱ्या टोकाला वाळलेला कागद गुंडाळला जातो आणि तिथेच त्याचं वजन मोजतात, दर चौरस मीटरला किती ग्रॅम. लगद्याचा व्हॉल्व्ह हलवला की त्याचा परिणाम तिथे दिसायला अडीच मिनिटं लागत. त्या रात्री कागद हलका येत होता. माझा प्रोग्राम दर काही सेकंदांनी वजन बघे आणि कमी दिसलं की व्हॉल्व्ह उघडे. लवकर भरून यावं म्हणून मी त्याला आणखी जोरात उघडायला लावलं. मग जाड, पातळ, जाड, पातळ अशा लाटाच सुरू झाल्या. शेवटी कागद तुटला आणि मशीन थांबलं. मी तेवीस वर्षांची होते. पॅनेलमागे जाऊन रडले.

मशीनवरच्या काकांनी सगळं हातानं पुन्हा सुरळीत केलं. म्हणाले, "मॅडम, मी व्हॉल्व्ह जरासा हलवतो आणि तंबाखू मळायला घेतो. मळून होईपर्यंत आकड्याकडे बघायचंच नाही."

काकांचं बरोबर होतं, पण नुसतं थांबलं तर मधला कागद वाया जातो. १९५७ साली अमेरिकेतल्या बर्कली इथले प्राध्यापक ओटो स्मिथ यांनी यावर एक युक्ती मांडली. प्रोग्रामच्या पोटात त्या यंत्राचंच एक गणिती रूप ठेवायचं. ते सांगत राहतं, "तू सोडलेला लगदा अजून वाटेत आहे, पोचला की वजन इतकं होईल." निर्णय त्या अंदाजावर घ्यायचा आणि खरं माप आलं की चुकलं तेवढंच दुरुस्त करायचं. म्हणजे अशा यंत्राची आत्ताची स्थिती फक्त आत्ताच्या मापात नसते. गेल्या अडीच मिनिटांत आपण जे जे केलं, ते सगळं तिच्यात धरावं लागतं. त्याशिवाय सर्वांत चांगला निर्णय काढताच येत नाही. अर्थात मशीनचा वेग बदलला की उशीरही बदलतो आणि युक्ती फसते. तिथेही मी आपटले आहे, ते जेवताना सांगेन.

आता बाईंना आठवतंय का बघा. नववीच्या सहामाहीत मला गणितात १०० पैकी ३१ पडले. बाबांनी एक क्लास लावला, महिन्यात दुसरा. तिसरा लावण्याआधी ते तुम्हाला भेटायला आले. तुम्ही म्हणालात, "जूनमध्ये शिकवलेलं तिला आत्ता कुठे कळायला लागलंय. त्यावर नवीन ओतू नका." क्लास बंद झाले. वार्षिक परीक्षेत काही चमत्कार झाला नाही, ४४ पडले. तरी तुम्ही बाबांना पुन्हा तेच सांगितलंत.

आणि एवढं सगळं शिकलेल्या मी गेल्या वर्षी काय केलं? मुलाला आठवीत गणितात कमी मार्क पडल्यावर तीन महिन्यांत दोन क्लास आणि एक ॲप बदललं. शेवटी तोच म्हणाला, "आई, मला पहिल्या क्लासचंच अजून समजतंय."

सध्या त्याला एकही क्लास नाही. सहामाहीचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे. मला तंबाखू मळता येत नाही, म्हणून मी इथे येऊन भाषण करते आहे.