वितळलेल्या रुपयांचा चषक

सिक्स नेशन्स रग्बी स्पर्धेत स्कॉटलंडची २०२६ची मोहीम ७ फेब्रुवारीला रोममध्ये इटलीविरुद्ध सुरू होते. इटलीला हलक्यात घेण्याची सोय नाही. २०२४ साली त्यांनी तिथेच स्कॉटलंडला ३१-२९ असं हरवलं होतं.

पण सगळ्यांचे डोळे लागलेत १४ तारखेकडे. एडिनबरोच्या मरेफील्डवर इंग्लंड येतंय आणि पणाला आहे कलकत्ता कप. होय, आपलंच कलकत्ता! तिथला रग्बी क्लब १८७८ साली बंद पडला, तेव्हा शिल्लक चांदीचे रुपये वितळवून हा चषक घडवला. मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती.

गेल्या वर्षी याच चषकाच्या लढतीत स्कॉटलंडने तीन ट्राय केले (म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला), इंग्लंडने एकच. पण प्रत्येक ट्रायनंतर दोन गुणांसाठी मारायची किक स्कॉटलंडच्या फिन रसेलची तिन्ही वेळा हुकली. निकाल इंग्लंडच्या बाजूने १६-१५. हातातोंडाशी आलेला घास गेला!

पुढे कार्डिफला वेल्स, घरी फ्रान्स, शेवटी डब्लिनला आयर्लंड. पाचपैकी तीन सामने परक्या मैदानावर. १९९९नंतर ही स्पर्धा न जिंकलेल्या संघासाठी वाट तशी बिकटच. तरी मला वाटतं, मरेफील्डवर पारडं यजमानांचंच जड राहील.