पाण्याखालचा भोंगा आणि डॉल्फिनची शीळ

उन्हाळ्यात काळू नदीच्या डोहात डुंबणाऱ्या मुरबाडच्या पोरांना एक प्रयोग सहज करता येईल. एकानं बुडी मारून दम धरायचा आणि दुसऱ्यानं थोड्या अंतरावर पाण्यातच दोन दगड एकमेकांवर आपटायचे. बुडी मारणाऱ्याला तो ‘टक्’ अगदी कानाशी वाजल्यासारखा ऐकू येतो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे मात्र त्याला सांगता येत नाही. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात जवळजवळ 1500. दोन्ही कानांवर तो इतक्या थोड्या फरकानं पोचतो, की माणसाला दिशा लागत नाही.

आता त्याच डोहाच्या काठावर वरातीचा डीजे लावला तर? काठावरच्या माणसांच्या छातीत धडधडेल, पण डोहात त्यातलं फारच थोडं उतरेल. हवेतून पाण्यावर आदळलेल्या आवाजाची बहुतेक सगळी शक्ती वरच्या वर परत फिरते. हजारातला एखादा भाग आत शिरतो. म्हणून पाण्यात आवाज सोडायचा तर भोंगा पाण्यातच बुडवावा लागतो. घरच्या स्पीकरचा कागदी पडदा तिथं चालत नाही, कारण पाणी हवेच्या सुमारे 800 पट जड. तिथं बहुधा खास सिरॅमिकची चकती वापरतात. विजेचा दाब बदलला की ती डोळ्यांना दिसणारही नाही इतकी फुगते, आकसते आणि पाण्याला जोरानं ढकलते.

असे भोंगे आधी आले ते जहाजांसाठी. 1912 मध्ये टायटॅनिक बुडालं. त्यानंतर दोनच वर्षांनी रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी पाण्याखाली आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून हिमनग ओळखून दाखवला. बिनतारी लहरींवरून माणसाचा आवाज पहिल्यांदा पोचवणारे ते हेच. पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा भोंगा बनवला.

डॉल्फिनकडे ही विद्या जन्मतःच असते. डोक्यावरच्या श्वासछिद्राच्या खाली, नाकाच्या वाटेत, तो बारीक ‘टिक्-टिक्’ निर्माण करतो; कपाळातला चरबीचा गोळा ते समोर एकवटतो; आणि माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून आतल्या कानापर्यंत पोचतो. शहापूर-मुरबाडला तिन्हीसांजेला घराभोवती किडे टिपत फिरणारी छोटी वटवाघळं हवेत हेच करतात. वडा-पिंपळावर लटकणारी मोठी वाघळं मात्र डोळ्यांवर आणि नाकावर भिस्त ठेवतात.

टिकटिक झाली शिकारीसाठी आणि वाट काढण्यासाठी. आपसातल्या संपर्कासाठी बऱ्याच जातींचे डॉल्फिन शीळ घालतात. बॉटलनोज जातीत तर प्रत्येकाची शीळ स्वतःची, लहानपणीच घडवलेली असते. ती नावासारखी वापरली जाते का? नुसतं ऐकून हे ठरवता येत नाही, विचारून पाहावं लागतं. इथंच पाण्याखालचा भोंगा कामाला आला. स्टेफनी किंग आणि व्हिन्सेंट जॅनिक यांनी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनना त्यांच्याच शिळेची संगणकावर केलेली नक्कल ऐकवली. ज्याची शीळ, त्यानं उलट शीळ घालून ओ दिली. परक्याची शीळ वाजवली, तेव्हा असं उत्तर आलं नाही. 2013 मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी जेसन ब्रक यांनी बेली नावाच्या मादीला तिच्या जुन्या सोबतिणीची, ॲलीची, शीळ ऐकवली. दोघींची ताटातूट होऊन वीस वर्षं उलटली होती, तरी बेलीनं ती ओळखली.

आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला वेगळी जात आहे: पाठीवर कुबडासारखा उंचवटा असलेला, शिशाच्या रंगाचा हंपबॅक डॉल्फिन. तो किनारा धरून उथळ पाण्यात राहतो, म्हणजे जाळी आणि होड्या असतात तिथंच. ईशा बोपर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या डॉल्फिनच्या शिळा पाण्याखालच्या मायक्रोफोननं टिपल्या आणि 2018 मध्ये त्यांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. अशा कामात प्रत्येक शिळेचा आलेख काढतात. कुठली रेघ सरळ चढते, कुठली उतरते, कुठली लाटेसारखी हेलकावते, ते त्यात डोळ्यांना दिसतं. या शिळांचा अर्थ शोधायचा तर आधी त्या नीट टिपलेल्या हव्यात, आणि ते काम आपल्या किनाऱ्यावर झालं याचं मोल फार मोठं आहे.

पुढचा प्रश्न, ऐकवायचं कशातून? माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, डॉल्फिनचा जवळजवळ 150 पर्यंत. त्यामुळे शिळा आणि टिकटिक दोन्ही एकाच भोंग्यातून हुबेहूब काढणं अवघड. जपानच्या युका मिशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी 7 ते 170 किलोहर्ट्झपर्यंत वाजणारा ‘डॉल्फिन स्पीकर’ बनवून 2012 मध्ये हाँगकाँगच्या परिषदेत मांडला.

पण उत्तम भोंगा केला तरी समोरच्याला ऐकू यायला हवं. होडीचा पंखा वेगानं फिरला की पाण्यात असंख्य बुडबुडे उठून फुटतात, आणि त्यांची खरखर शिळांच्या पट्टीपर्यंत चढते. सुट्टीत शहापूर-मुरबाडची कुटुंबंही तारकर्लीला, दापोलीच्या मुरूड-हर्णैला डॉल्फिन बघायला जातात. एक कळप दिसला की चार-पाच होड्या त्याला घेरतात. तेवढा वेळ आई आणि पिल्लू एकमेकांना ऐकू शकतील याची खात्री नाही, आणि गढूळ पाण्यात त्यांना दुसरा आधार फार थोडा. होडी लांब ठेवा, कळपाच्या वाटेत आडवी घालू नका, थांबल्यावर इंजिन बंद करा, एवढं तांडेलाला होडीत बसण्याआधीच सांगता येतं. किनाऱ्यालगतचा हा हंपबॅक डॉल्फिन जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही.